व्हॅक्यूम क्लीनरच्या आत पीळ-टेपचा जोड आणि जळका लग: नीट दुरुस्त कसं करायचं?

दोनपिनी

१४०० वॅटचा कॅनिस्टर व्हॅक्यूम क्लीनर. २३० व्होल्ट, दोन पिनांचा प्लग, बटण दाबलं की वायर आत ओढून घेणारं रील. खालच्या स्टिकरवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे. दहा-बारा मिनिटं चालला की मागून करपट वास येतो आणि रीलच्या बाजूची वायर गरम लागते.

प्लग काढून कव्हर उघडलं. आत दिसलं ते असं:

स्विचवरच्या एका लगची, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या पितळी टोपणाची, स्लीव्ह तपकिरी पडून कडक झाली आहे, आतलं पितळ जांभळट-काळं. मोटरकडे जाणाऱ्या वायरला मध्येच जोड आहे, नुसता पीळ देऊन वर काळी टेप, आणि टेपचा गोंद पाघळलाय. थर्मलच्या (जास्त तापलं की मोटर बंद करणारा छोटा स्विच) दोन्ही वायरी एकत्र जोडून थर्मल डायरेक्ट केलेला. रीलभोवती काळी भुकटी.

घरात १६ ॲम्पिअरचा एमसीबी आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आहे, दोन्ही एकदाही पडले नाहीत. म्हणजे मामला फार गंभीर नाही असं धरायचं का? लग पक्कडने दाबून घट्ट केला तर चालेल? जोडाला डाग (सोल्डर) द्यावा का? आणि तीन कोअरची वायर टाकून मोटरच्या बॉडीला अर्थिंग दिलं तर जास्त सेफ होईल का?

आर्मेचर_आबा

एमसीबीपासून सुरू करू, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. एमसीबी पडतो जास्त करंटला. आरसीसीबी पडतो फेज आणि न्यूट्रलच्या करंटमधल्या फरकाला. ढिल्या जोडात या दोन्हींपैकी काहीच होत नाही. तो जोड मोटरच्या सिरीजमध्ये बसलाय. त्याचा रेझिस्टन्स वाढला की करंट उलट किंचित कमी होतो. फेजने जेवढा गेला तेवढाच न्यूट्रलने परत येतो. मग पडणार कोण आणि का?

हिशेब करा. १४०० भागिले २३० म्हणजे ६.१ ॲम्पिअर. चांगल्या लगचा रेझिस्टन्स काही मिलीओहम असतो, तिथली उष्णता मोजण्यासारखीही नसते. तोच लग सैल होऊन अर्ध्या ओहमवर गेला की ६.१ × ६.१ × ०.५ = साडेअठरा वॅट. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न टोकाला किती तापतं ते ठाऊक असेलच. त्याच्या पाऊण पट उष्णता, प्लास्टिकच्या बंद डब्यात, धुळीच्या लोळ्यात. आणि व्होल्टेज तिथे पडतं फक्त ३ व्होल्ट, त्यामुळे मोटरच्या आवाजावरून काही कळत नाही. कळतं ते वासावरूनच. तो तुम्हाला आलाय, तेव्हा दुरुस्त होईपर्यंत मशीन लावू नका.

जांभळट-काळं पितळ म्हणजे तो लग कामातून गेला. फिमेल लग पातीला (स्विचच्या चपट्या धातूच्या टोकाला) धरून ठेवतो तो पितळेच्या स्प्रिंगसारख्या ताणामुळे. तापून तो ताण एकदा गेला की परत येत नाही. पक्कडने दाबलात तर आज घट्ट लागेल, दोनदा तापला की पुन्हा ढिला. बदलाच.

पण नुसता लग बदलून भागत नाही. स्विचची पाती तपासा. ती साधारण ६.३ मिमी रुंद आणि ०.८ मिमी जाड असते, काही मशीनमध्ये ४.८ मिमी. तिचा रंग गेला असेल, खड्डे पडले असतील किंवा बोटाने हलवल्यावर ती स्विचच्या बॉडीत डुलत असेल तर स्विचही बदला. जळक्या पातीवर नवा लग चढवला की तोही त्याच वाटेने जातो. नवा स्विच घेताना त्याच्या अंगावरचा आकडा नीट वाचा. १६(४) असं छापलं असेल तर कंसातला आकडा मोटरच्या लोडचा असतो, आणि ४ ॲम्पिअर तुम्हाला पुरत नाही. दुकानदार १६ दाखवून मोकळा होतो.

वायरही लगपासून मागे कापत जा. तापलेल्या टोकाचं तांबं काळपट आणि ठिसूळ होतं. लखलखीत तांबं दिसेपर्यंत कापायचं, सहसा दोन-तीन सेंटीमीटरमध्ये दिसतं. त्यानंतर वायर ताणून बसवावी लागत असेल तर पूर्ण वायरच बदला. आखूड वायरला शेपूट जोडणं म्हणजे आणखी एक जोड.

अर्थिंगचं: चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण. अशा मशीनमध्ये अर्थ द्यायचा नसतो, म्हणून तर अर्थचं टर्मिनलच ठेवलेलं नसतं. वायंडिंगचं पहिलं इन्सुलेशन, त्यावर प्लास्टिकच्या घराचं दुसरं, अशी ती रचना. मोटरच्या लोखंडाला अर्थ जोडून तुम्ही त्या रचनेत नसलेला धातूचा रस्ता तयार करता. ती वायर सुटून पातीला टेकली की नवीनच भानगड. सुरक्षितता हवी असेल तर जे जसं होतं तसं परत बसवा: प्रत्येक स्लीव्ह, प्रत्येक क्लिप, वायरीवरची प्रत्येक नळी. उघडताना मोबाइलने फोटो काढून ठेवा. 'ही नळी उरली, चालतंय की' ही सवय दुहेरी इन्सुलेशनच्या मशीनमध्ये सगळ्यात वाईट.

वाटेवरचा

फिल्टर चोक झाला असणार. चोक झाला की मोटरवर लोड येतो, जास्त ॲम्पिअर खेचते, म्हणून लग जळला. फिल्टर साफ ठेवा, बाकी काही नाही.

आर्मेचर_आबा

नाही हो, उलटं आहे. पंखा जेवढी हवा हलवतो तेवढं त्याचं काम. नळीच्या तोंडावर तळहात ठेवा: आवाज चढतो, म्हणजे मोटर मोकळी होऊन जास्त वेगाने फिरतेय. ॲम्पिअर तेव्हा कमी होतात. क्लॅम्प मीटर असेल तर एका कोअरभोवती लावून बघा.

चोक फिल्टर घातक आहे तो वेगळ्या कारणाने. साध्या कोरड्या व्हॅक्यूममध्ये ओढलेली हवाच मोटरमधून जाते आणि तिला थंड करते. हवा थांबली की थंड होणं थांबलं. अशा वेळी वाचवतो तो थर्मल, आणि तुमच्याकडे तोच डायरेक्ट करून ठेवलाय. लग जळण्याशी फिल्टरचा संबंध एवढाच की आतलं तापमान वाढलं की आधीच सैल असलेला लग लवकर बिघडतो.

थर्मल घेताना अंगावर छापलेलं तापमान आणि ॲम्पिअर जुळवून तोच घ्या. मिळेपर्यंत मशीन बंद. काही मशीनमध्ये आपोआप जुळणाऱ्या थर्मलऐवजी एकदाच उडणारा थर्मल फ्यूज असतो. त्याला कधीही सोल्डर लावू नका, आयर्नच्या उष्णतेने तो जागच्या जागी उडतो. त्याच्या पायांना क्रिंपच (धातूची नळी दाबून आवळणं) करावं लागतं, आणि पाय वाकवताना बॉडीपासून थोडं अंतर सोडून.

ओहमकार

जोडाबद्दल लिहितो.

व्हॅक्यूमची मोटर मिनिटाला वीस ते तीस-पस्तीस हजार फेरे घेते. त्या थरथरीत नुसता पिळाचा जोड हळूहळू सैल होतो, तंतूंवर ऑक्साइड चढतं, रेझिस्टन्स वाढतो, तापतो, तापून आणखी सैल होतो. साध्या पीव्हीसी टेपचा गोंद उष्णतेत पाघळतो, वर बारीक धूळ बसते. तुमच्याकडे तेच झालंय.

पहिला पर्याय: जोडच नको. स्विचपासून मोटरपर्यंत अखंड वायर टाका. दोन फूट वायरीसाठी काटकसर कशाला?

जोड अटळ असेल, उदाहरणार्थ मोटरच्या फील्डमधून (स्थिर वायंडिंगमधून) आलेली वायर आखूड असेल, तर क्रिंप. आत तांब्याची नळी आणि वर नायलॉनची टोपी असलेले बंद तोंडाचे कॅप कनेक्टर मिळतात, कारखान्यातही बहुतेक तेच वापरतात. दोन्ही वायरींचं एकूण क्षेत्रफळ कॅपच्या मर्यादेत बसलं पाहिजे. एक पातळ वायर मोठ्या कॅपमध्ये दाबली तर क्रिंप पोकळ राहतो.

लगसाठी:

— लाल स्लीव्हचा लग ०.५ ते १.५ चौ. मिमी वायरीला, निळा १.५ ते २.५ ला. तुमची वायर ०.७५ किंवा १ ची असणार, म्हणजे लाल. 'निळा आहे, दाबून बसवतो' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा.

— इन्सुलेशन ६-७ मिमी सोला. एकही तंतू तुटता कामा नये. २४ तंतूंच्या वायरीतले सहा तुटले तर पाव वायर गेली. दाताने किंवा ब्लेडने सोलू नका.

— तंतूंना हलका पीळ, दुमडायचं नाही, सोल्डर लावायचं नाही.

— रॅचेटवाला क्रिंपर वापरा, तो पूर्ण दाब आल्याशिवाय सुटत नाही. पक्कडने चेपलेला लग वरून चपटा दिसतो, आत तंतू मोकळेच असतात.

— स्लीव्ह नसलेला उघड्या पंखांचा लग असेल तर पुढचे पंख तांब्यावर आणि मागचे इन्सुलेशनवर आवळले गेले पाहिजेत. मागचे पंख थरथर झेलतात. ते तांब्यावरच दाबले तर वायर तिथेच मोडते.

— ओढून बघा. पाच किलोचं वजन लटकवलं तरी सुटता कामा नये.

— पातीवर बसवताना शेवटपर्यंत दाबा. लगच्या आतला उंचवटा पातीच्या भोकात बसल्याचं हाताला कळतं. सहज सरकून बसला तर तो लग सैल आहे, दुसरा घ्या.

डाग देण्याबद्दल: स्क्रूखाली किंवा क्रिंपमध्ये जाणाऱ्या तंतूंना डाग देऊ नये. शिसं-कथिल दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू महिन्याभरात सैल होतो. शिवाय सोल्डर तंतूंमध्ये वर चढून वायर कडक करतं आणि ती कडक जागा संपते तिथेच थरथरीने तुटते. आणि स्वस्त मोटरींचं वायंडिंग ॲल्युमिनियमचंही असतं, त्याला साधा डाग धरतच नाही. वर चिकटलेला दिसतो, आत काही नाही.

जस्ताचा_टाका

डाग सरसकट वाईट ठरवू नका. स्पीड कंट्रोलच्या सर्किटवर, ब्रश होल्डरच्या काही पात्यांवर कारखान्यातूनच डाग दिलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो.

ओहमकार

मान्य. पण तिथे वायर आधी भोकातून ओवून आकड्यासारखी वळवलेली असते, वजन आणि थरथर तो आकडा झेलतो. डाग फक्त विजेच्या वाटेसाठी. सुरक्षेच्या मानकांतही हीच अट असते: वायर जागेवर धरून ठेवायचं काम नुसत्या सोल्डरवर सोपवायचं नाही. टेबलावर समोरासमोर ठेवून चिकटवलेला डाग व्हॅक्यूममध्ये चालणार नाही, एवढंच म्हणणं.

चकरी

गरम वायर आणि काळी भुकटी यांचं उत्तर रीलमध्ये आहे.

रील फिरतं आणि मशीन स्थिर असतं, तेव्हा मध्ये सरकता संपर्क लागतोच. चकतीवर दोन पितळी कड्या आणि त्यांवर स्प्रिंगने दाबलेल्या दोन पट्ट्या. सगळा ६ ॲम्पिअर करंट या दोन टेकणाऱ्या बिंदूंतून जातो. पट्टीचा दाब कमी झाला की बारीक ठिणग्या, कडीवर खड्डे, खड्ड्यांमुळे जास्त ठिणग्या. ती भुकटी त्यातलीच असू शकते. मोटरच्या कार्बन ब्रशची भुकटीही काळीच, पण ती मोटरजवळ आणि हवा बाहेर पडते तिथे सापडते; रीलच्या बंद डब्यात सहसा नाही.

तपासायची रीत: प्लग बोर्डमधून काढलेला. मल्टीमीटर ओहमवर, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून त्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स बघून ठेवा, तो वजा करायचा. मग एक प्रोब प्लगच्या पिनेला, दुसरा रीलमधून बाहेर पडणाऱ्या त्याच बाजूच्या वायरीला. ०.७५ चौ. मिमी तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला २६ ओहम, म्हणजे ५ मीटरला ०.१३ ओहम. एवढंच यायला हवं. आता चकती हळूहळू फिरवा. आकडा स्थिर राहिला तर ठीक. मध्येच अर्धा ओहम, एक ओहम, परत ०.२ अशा उड्या मारत असेल तर कड्या खराब आहेत. चकती न फिरवता वायर वाकवल्यावर उडी आली तर वायरीचे तंतू तुटलेत. ते सहसा तुटतात दोन जागी: प्लगपासून पहिल्या वितीत, आणि आत चकतीला वायर अडकवलेली असते तिथे, कारण वायर संपली तरी माणूस मशीन ओढत राहतो.

पिवळी आणि लाल पट्टी त्यासाठीच असते. पिवळी दिसेपर्यंत वायर बाहेर काढून मगच मशीन लावायचं, लालच्या पुढे ओढायचं नाही. दीड मीटर काढून उरलेली गुंडाळी आत ठेवून अर्धा तास चालवलं की आतल्या थरांची उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश आहे. आतले थर एकमेकांना चिकटलेले दिसले तर ती वायर फेकायचीच.

कड्या साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड. काळा थर निघाला नाही तर अगदी बारीक पॉलिश पेपरचा एक हात, मग पुन्हा अल्कोहोल. खड्डे नखाला लागत असतील तर रीलच बदला. गंज काढायचा स्प्रे किंवा ग्रीस तिथे मारू नका. त्यावर धूळ बसून लगदा होतो आणि तो ठिणगीखाली जळतो.

एक सूचना जपून पाळा: चकतीखाली घड्याळासारखी सपाट पोलादी स्प्रिंग चावी देऊन भरलेली असते. झाकण उचललं की ती डोळ्यावर येते. आधी वायर पूर्ण आत जाऊ द्या, मग चकती हाताने धरून, वायर आत जाते त्याच दिशेने हळूहळू फिरू देत ताण सोडा. किती फेरे सुटले ते मोजा, बसवताना तेवढेच द्यायचेत. चष्मा, हातमोजे. हाताला सवय नसेल तर रीलचं अख्खं असेंब्ली मिळतं, ते आणून बसवा.

दोनपिनी

चकती फिरवल्यावर ०.२ ते ०.९ अशा उड्या येतात. म्हणजे रील बदलायचं. लग, स्विच, थर्मल, मोटरपर्यंत अखंड वायर, हेही ठरलं.

आता दोन गोष्टी. लिव्हर उचलून वायर घालायचे छोटे कनेक्टर मिळतात, ते आत वापरले तर? आणि सगळं बसवल्यावर प्लग लावण्याआधी काय काय तपासायचं? मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) मिळू शकतो.

सिरीजबोर्ड

लिव्हरचे कनेक्टर भिंतीतल्या डब्यासाठी छान. इथे दोन अडचणी: जागा, आणि मोटरजवळचं तापमान. त्यांना आत क्लिप करून धरायलाही काही नसतं, ते थरथरत राहतात. नको.

तपासणी या क्रमाने:

आधी डोळ्यांनी. कुठलीही वायर पंख्याला, कम्युटेटरला (ब्रश टेकतात तो तांब्याचा फिरता भाग) किंवा मोटरच्या लोखंडाला टेकते का? कव्हर बसवताना प्लास्टिकच्या खुंटीखाली वायर चिरडते का? हा दोष फार वेळा होतो आणि बाहेरून दिसत नाही. मोटरपासून बोटभर अंतराच्या आत जाणाऱ्या वायरींवर फायबरग्लासची स्लीव्ह असू द्या. स्क्रू ज्या भोकातून निघाला त्याच भोकात, लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर थेट वायरीत शिरतो.

मग ओहम. प्लगच्या दोन पिनांमध्ये, स्विच चालू ठेवून, मोटरचा रेझिस्टन्स दिसला पाहिजे, सहसा एक आकडी ओहम. शाफ्ट हाताने फिरवताना आकडा थोडा हलतो, ते कम्युटेटरमुळे, घाबरू नका. पूर्ण तुटत असेल तर ब्रश संपलेत किंवा आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) गेलंय. स्पीड कंट्रोलचं सर्किट असेल तर हे मोजमाप मोटरच्या टोकांवर करा, प्लगवरून खरं दिसत नाही.

मग मेगर, ५०० व्होल्ट डीसी. प्लगच्या दोन्ही पिना एकत्र बांधून मेगरच्या एका टोकाला. दुसरं टोक मोटरच्या लोखंडाला, मग बाहेरून हात लागणाऱ्या प्रत्येक धातूला: स्टीलचा पाइप, उघडे स्क्रू, चाकाची दांडी. स्विच चालू असला पाहिजे. नाही तर स्विच दोन्ही वायरी तोडणारा असेल तेव्हा त्याच्या पुढचं काहीच तपासलं जात नाही आणि मेगर खुशाल अनंत दाखवतो. दोन्ही पिना बांधायच्या त्या सर्किटवर ५०० व्होल्ट आडवे येऊ नयेत म्हणून. टच बटण किंवा रिले असेल तर मोटरच्या वायरी सर्किटवरून काढून थेट मोटरवर मेगर लावा.

दुहेरी इन्सुलेशनच्या मशीनला २ मेगओहमच्या खाली आकडा आला तर प्लग लावायचाच नाही. चांगल्या कोरड्या मशीनला यापेक्षा कितीतरी जास्त येतो, शंभराच्या पुढे. दहा-वीस आला तर कारण शोधा, बहुधा कार्बनची भुकटी किंवा ओल.

त्यानंतर सिरीज बोर्डवर, २०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये टाकून. इथे नवशिके गोंधळतात: बल्ब चांगला पेटणारच, कारण मोटरचा रेझिस्टन्स बल्बपेक्षा फार कमी. बल्ब पेटला म्हणजे शॉर्ट, असं नाही. मोटर मंद फिरली पाहिजे. बल्ब पूर्ण प्रकाशला आणि मोटर जागची हलली नाही, तर शॉर्ट किंवा जाम.

सगळ्यात शेवटी थेट बोर्डवर, फिल्टर साफ, वायर पिवळ्या पट्टीपर्यंत बाहेर, दहा मिनिटं. बंद करा, प्लग काढा, लगेच हात लावून बघा: पिना, वायर, स्विचची बाजू. कोमट चालेल. पिनाच तापल्या असतील तर दोष बहुधा मशीनचा नाही, बोर्डच्या सॉकेटमधल्या ढिल्या पट्ट्यांचा. इन्फ्रारेड थर्मामीटरने चकचकीत पितळ मोजू नका, ते फार कमी दाखवतं. त्यावर टेपचा तुकडा लावून मोजा.

हात लावण्याआधी प्लग का काढायचा तेही लिहितो. दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही बसतो. मशीनचा स्विच एकच वायर तोडणारा असेल तर अर्ध्या वेळा तो न्यूट्रल तोडतो, आणि मशीन बंद असूनही मोटर फेजवर असते.

कोकणी_ओल

पावसाळ्यापुरती भर. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जुलैत मेगरचा आकडा आपोआप खाली येतो. ब्रशची कार्बन भुकटी वीज वाहते, आणि घरातली धूळ हवेतली ओल धरून ठेवते. दोन्ही मिळून ब्रश होल्डरच्या प्लास्टिकवर काळा पापुद्रा धरतात. त्यावरून करंट पाझरून प्लास्टिक जळत जातं, नागमोडी काळी रेघ दिसते. रेघ पुसली गेली तर भुकटी. पुसली गेली नाही तर प्लास्टिक करपलंय, होल्डर बदला. ब्रश ६-७ मिमी उरले की जोडीनेच बदला, एक नवा एक जुना नको.

साफ करताना ब्लोअरने, उघड्यावर, तोंडाला मास्क बांधून. ओला कपडा नाही. नंतर दोन तास उन्हात, ऊन नसेल तर ६० वॅटच्या बल्बजवळ, मग पुन्हा मेगर.

आणि कोरड्या व्हॅक्यूमने पाणी ओढू नका, कपभरसुद्धा नाही. वर आबांनी लिहिलंय, ओढलेली हवा मोटरमधूनच जाते. पाणी ओढायच्या मशीनमध्ये मोटर थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते आणि टाकी भरली की फ्लोट वाट बंद करतो. त्यातल्या स्टीलच्या टाकीच्या, तीन पिनांच्या मशीनला मात्र अर्थ हवाच. प्लगच्या अर्थ पिनेपासून टाकीपर्यंत मोजा, वायरीचा रेझिस्टन्स वजा जाता ०.१ ओहमच्या आत. आणि आतली अर्थ वायर फेज-न्यूट्रलपेक्षा लांब ठेवायची, म्हणजे वायर ओढली गेलीच तर अर्थ सगळ्यात शेवटी तुटेल.

नवाच_इथे

थोडं वेगळं विचारतो. पाइप धरून सफाई करताना चटका बसतो. हाही लीकेजच का?

सिरीजबोर्ड

एकदाच चट्ट करून बसतो आणि मग काही मिनिटं काही नाही, असं असेल तर ती स्थिर वीज. कोरड्या हवेत प्लास्टिकच्या नळीतून धूळ घासत जाते त्याने साठते, थंडीत जास्त. धरून ठेवल्यावर सतत मुंग्या येत असतील तर लीकेज, मशीन बंद, मेगर. टेस्टरवर निर्णय घेऊ नका. निऑन टेस्टर दुहेरी इन्सुलेशनच्या चांगल्या मशीनच्या धातूवरही मिणमिणतो.

प्लग काढल्यावर पिनांना हात लागून बारीक झटका बसला तर तो आतल्या कपॅसिटरचा. प्लग काढून मशीनचा स्विच एकदा चालू करा, तो मोटरमधून रिकामा होतो. हा कपॅसिटर फुगलेला दिसला तर 'एक्स-२' छापलेला, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा घ्या. पंख्याचा उरलेला बसवू नका. एक्स-२ बिघडला तरी आग लागू नये अशा रीतीने बनवलेला असतो.

दोनपिनी

शेवटचं. रीलचं असेंब्ली मिळत नाही म्हणाले, फक्त पितळी कड्यांची चकती आणि पट्ट्या मिळतात. वायर वेगळी घ्यावी लागेल. दुकानात काय मागू?

चकरी

गोल, दोन कोअरची, दुहेरी आवरणाची फ्लेक्सिबल, तांब्याची, आयएसआय खुणेची, १ चौ. मिमी. ६ ॲम्पिअरपर्यंत ०.७५ पुरते, तुमचा ६.१ त्या रेषेच्या पलीकडे जातो, तेव्हा १. तंतूंच्या हिशेबात ती ३२/०.२ (०.२ मिमीचे ३२ तंतू) असते, ०.७५ ची २४/०.२. जुने दुकानदार अजून २३/७६ आणि ४०/७६ म्हणतात (०.००७६ इंचाचे २३ किंवा ४० तंतू). २३/७६ म्हणजे जेमतेम ०.६७, ती घेऊ नका. ४०/७६ सुमारे १.१७, ती चालेल. पण दोन सुट्या वायरी पिळून केलेली किंवा चपटी पांढरी वायर नको, बाहेरचं आवरण असलेलीच हवी. प्लग १६ ॲम्पिअरचा लावा आणि पॉवरच्या सॉकेटवर चालवा. ६ ॲम्पिअरचा प्लग १४०० वॅटला किंचित कमीच पडतो.

जाड वायर चकतीवर पूर्ण मावणार नाही कदाचित. मग ५ ऐवजी ४ मीटर टाका, पातळ वायरीकडे वळू नका. चकतीतल्या क्लॅम्पमध्ये बाहेरच्या आवरणासकट आवळा, नुसते कोअर नाही. मशीन ४ किलोच्या वर असेल तर मानकाच्या चाचणीत वायरीच्या पकडीला १०० न्यूटनचे पंचवीस हिसके देतात आणि वायर २ मिमीपेक्षा जास्त सरकता कामा नये. तुम्ही क्लॅम्पजवळ पेनाने खूण करून हाताने जोरात पाच-सहा हिसके द्या, खूण हलली तर पुन्हा आवळा. शेवटचे दोन फेरे चकतीवर उरतील तिथे लाल टेप, तिच्या अर्धा मीटर अलीकडे पिवळी. जुन्या वायरीवरच्या खुणांची मापं नव्या लांबीला लागू होत नाहीत.